यंदा बेस किती? उत्सव मंडळांच्या अध्यक्षांना एका साऊंडवाल्याचं खुलं पत्र

प्रति,
बेळगाव, शहापूर, वडगाव, खानापूर आणि निपाणी भागातल्या सार्वजनिक गणेशोत्सव व शिवजयंती मंडळांचे अध्यक्ष, सेक्रेटरी आणि खजिनदार यांस

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे माझा नंबर आहे. श्रावण लागला की फोन सुरू होतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "यंदा बेस किती देणार?" बेस म्हणजे ठोक्याचे मोठे बॉक्स. गल्ली किती रुंद आहे, वाटेत दवाखाना कुठे लागतो, आरतीला माईक किती लागणार, यातलं काही कोणी विचारत नाही. मागच्या वर्षी पलीकडच्या गल्लीनं किती बेस लावले होते तो आकडा मात्र सगळ्यांना तोंडपाठ. मी माझा आकडा सांगतो, तुम्ही त्यात चार वाढवता, घासाघीस होते, इसार ठरतो, आणि विसर्जनाच्या रात्री रामलिंगखिंड गल्लीतली तावदानं थरथरतात. हा व्यवहार मला परवडतो. एकावर एक रचलेल्या बॉक्सच्या भिंतीचे पैसे शेवटी मलाच मिळतात. तरीही यंदाच्या बैठका बसायच्या आधी काही गोष्टी तुमच्या कानावर घालायच्या आहेत. एकदा पावती फाटली आणि पोरांमध्ये आकडा फुटला की मग अध्यक्षाचंही कोणी ऐकत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

गेल्या हिवाळ्यात मी एका मित्राबरोबर पुण्याला रॉक संगीताच्या महोत्सवाला गेलो. एका दिवसाचा पास होता. दुपारी आत, रात्री दहाला बाहेर. रॉक म्हटल्यावर काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. काळे टी-शर्ट, मानेवर रुळणारे केस, किंकाळ्या. मीसुद्धा ते संगीत ऐकत मोठा झालेलो नाही. आमच्या घरी बाबांचा धंदा कर्ण्यांचा. अहुजाचा अँप, दोन भोंगे आणि मांडवात दिवसभर सनईची रेकॉर्ड. मी गेलो ते त्या लोकांचं सामान बघायला.

मित्राचं तसं नाही. तो कॅम्पातला, शाळेत आम्ही एका बाकावर. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवतो, रविवारी चर्चमध्ये वाजवतो आणि उरलेल्या वेळात दुकान सांभाळतो. मार्च २००७ मध्ये आयर्न मेडन हा इंग्लंडचा बँड बेंगळूरच्या पॅलेस ग्राउंडवर आला, तेव्हा हा रात्रीच्या बसनं गेला, उभ्यानं ऐकलं आणि रात्रीच्याच बसनं परत येऊन दुकान उघडलं. ऑक्टोबर २०११ मध्ये मेटॅलिका आले तेव्हा पुन्हा गेला. त्या वेळी गुडगावचा कार्यक्रम आयत्या वेळी रद्द झाला होता आणि चिडलेल्या पोरांनी स्टेजची मोडतोड केली होती. बेंगळूरचा नीट पार पडला, हे तो अजूनही कर्नाटकची बाजू राखल्यासारखं सांगतो. पुण्याच्या बसमध्ये निपाणीपासून कराडपर्यंत तो मला बँडांची नावं पढवत होता. त्यातली निम्मी मी साताऱ्याच्या आतच विसरलो.

आत शिरायच्या आधी आम्ही कुंपणाबाहेरच्या गाड्यावर चहा घेतला. आत पहिला बँड सुरू झाला होता. ड्रम ऐकू येत होते, गिटारही येत होती, पण "साखर कमी" हे मी चहावाल्याला नेहमीच्या आवाजात सांगितलं आणि त्याला ते कळलं. आमच्या धंद्यातल्या माणसाला अशी गोष्ट खटकते. एवढं मोठं स्टेज, एवढी गर्दी आणि रस्त्यावर ओरडावं लागत नाही म्हणजे सामान कमी आणलंय, असंच मला वाटलं. मित्राला तसं म्हटलं तर तो म्हणाला, "थांब गा, आत तर चल."

आत गेल्यावर छातीत ठोका बसला. आवाज मोठाच होता. रॉक हे मोठ्यानं वाजवायचंच संगीत आहे, तिथे कुजबुज ऐकायला कोणी जात नाही. पण शब्द कळत होते. झांजेचा आवाज झांजेसारखा येत होता, बेस गिटारची तार वेगळी आणि ड्रमचा लाथेचा ठोका वेगळा कळत होता. पावसाळी पत्र्यावर दगड पडल्यासारखा जो एकच आवाज आपण सप्टेंबरभर ऐकतो, तो तिथे कुठेच नव्हता.

मग मी गाणी सोडून बॉक्स बघत फिरलो. टॉप, म्हणजे गाण्याचा वरचा आवाज देणारे बॉक्स, जमिनीवर रचलेले नव्हते, ट्रसला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला, उंच टांगले होते, एकाखाली एक, खालच्या टोकाला आत वळवलेले. याला लाइन अ‍ॅरे म्हणतात. ख्रिश्चन हाइल या फ्रेंच माणसानं १९९२ च्या सुमारास ही पद्धत बाजारात आणली आणि जगभरच्या मोठ्या कार्यक्रमांतून बॉक्सच्या भिंती हळूहळू नाहीशा झाल्या. टांगलेल्या टॉपचा आवाज वरून खाली लोकांच्या डोक्यावर येतो. कुठपर्यंत जायचा ते कोन बदलून ठरवता येतं. मागच्या लोकांसाठी मैदानाच्या मध्यावर स्पीकरचे आणखी दोन खांब होते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणून सत्तर मीटरवरच्या खांबाला तो सेकंदाचा पाचवा हिस्सा उशिरा सोडतात. स्टेजवरून येणारा आणि खांबावरचा, दोन्ही एकदमच कानात पडतात. त्यामुळे मागच्यांना ऐकू यावं म्हणून पुढच्यांचे कान फोडावे लागत नाहीत.

बेसच्या रांगेत काही बॉक्स उलटे, तोंड मागे करून ठेवले होते. आपल्याकडे मी असं लावलं तर कार्यकर्ते मला ट्रॉलीवरून खाली ओढतील. पण त्या उलट्या बॉक्सना दिलेला सिग्नल उलटवलेला आणि किंचित थांबवलेला असतो. त्यामुळे मागे जाणारा बेस एकमेकांना मारतो आणि पुढचा शिल्लक राहतो. स्टेजच्या मागच्या बाजूला जाऊन उभा राहिलो तर ठोका ऐकू येत होता, छातीत बसत नव्हता. मागे वस्ती असेल तर हीच युक्ती वापरतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे साऊंडवाला मैदानाच्या मधोमध बसला होता, लोक ऐकतात तिथे. मिक्सरशेजारी मीटर लावलेला, त्यावर आकडा दिसत होता, आणि बँड बदलला तरी तो आकडा एका मर्यादेच्या वर जात नव्हता. आपला ऑपरेटर कुठे असतो? ट्रॅक्टरवर, अँपच्या रॅकला टेकून, बॉक्सच्या पाठीमागे. समोर लोकांना काय ऐकू येतं हे त्याला पहाटेपर्यंत कळत नाही. शेजारी तुमचा कार्यकर्ता उभा, तो दर दहा मिनिटांनी अंगठा वर करून "वाढव" म्हणतो. वाढवायला काही शिल्लक नसतं. अँपचे लाल दिवे कधीचे पेटलेले असतात, आवाज फाटलेला असतो, बेसच्या कॉइल जळायच्या बेतात असतात. त्यांचं बिल दिवाळीपर्यंत आम्ही भरतो.

अध्यक्षांनो, एक हिशेब फार थोड्यांना ठाऊक आहे. अँपची ताकद दुप्पट केली की मीटरवर तीन डेसिबल वाढतात. कानाला आवाज दुप्पट वाटायचा तर दहा डेसिबल वाढावे लागतात, म्हणजे ताकद दहापट. पलीकडच्या गल्लीपेक्षा चार बेस जास्त लावून तुम्ही जो फरक विकत घेता, तो कानाला जेमतेम कळतो. कळतो तो फक्त मोबाईलमधल्या फोटोत, कारण फोटोत बॉक्स मोजता येतात.

शिवाय गल्ली म्हणजे मैदान नव्हे. पन्नास हर्ट्‌झच्या बेसची एक लाट जवळपास सात मीटर लांब असते. आपल्या जुन्या गल्ल्याही साधारण तेवढ्याच, दोन्ही बाजूंना भिंती. लाट या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटते, कुठे दुपटीनं साठते, कुठे स्वतःलाच खाऊन टाकते. म्हणून मिरवणुकीत नाचणारा पोरगा म्हणतो, "बेस येईना, वाढवा," आणि त्याच क्षणी बारा पावलांवरच्या घरात म्हातारीच्या उशाखालची फरशी हलत असते. दोघंही खरंच सांगत असतात. मैदानात असा आवाज निसटून जायला जागा असते. समादेवी गल्लीत तो घरात शिरतो.

पोलिसांचा मीटर हे पकडेलच असं नाही. तो बहुतेक वेळा ए प्रकारच्या मापावर लावलेला असतो आणि त्या मापात पन्नास हर्ट्‌झचा आवाज तीस डेसिबलनं कमी धरला जातो. माणसाचा कान हलक्या आवाजात बेस कमी ऐकतो, त्यावरून ते माप बेतलेलं आहे. त्यामुळे आकडा बरा दिसतो आणि तावदानं वाजतच राहतात. "साहेबांनी मोजलं, काही म्हटलं नाही" हे मला दर वर्षी ऐकवलं जातं. मोजलं असेलही.

या बाबतीत रॉकवाले आपले पूर्वज आहेत असं म्हणायला हरकत नाही, कारण भिंतीचा सोस आधी त्यांना होता. १९६५ च्या ऑगस्टमध्ये बीटल्स न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर वाजवायला उभे राहिले तेव्हा पंचावन्न हजारांवर लोक होते आणि आवाजासाठी होते गिटारीचे छोटे अँप आणि स्टेडियमचे घोषणा करायचे कर्णे. पोरींच्या किंकाळ्यांत बँडला स्वतःचंच ऐकू आलं नाही. तिथून पुढे दहा वर्षं जो तो मोठ्या सामानाच्या मागे लागला. १९७४ मध्ये ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडनं तर खरोखरची भिंत बांधली. स्पीकर सहाशेच्या आसपास, वजन सत्तर टनांवर. पण आपल्या पोरांना भिंत माहीत आहे, तिच्या मागची अक्कल माहीत नाही. त्या भिंतीत प्रत्येक वाद्याला स्वतःचे वेगळे स्पीकर होते, म्हणजे गिटारचा आवाज ड्रमच्या आवाजात मिसळून चिखल होणार नाही. भिंत बँडच्या पाठीमागे होती, लोकांना ऐकू येई तेच वाजवणाऱ्यांना ऐकू येई. स्पीकरचा आवाज माईकमध्ये शिरून शिट्टी बसू नये म्हणून गायकासमोर दोन माईक उलट जोडलेले असत. सगळा खटाटोप स्वच्छ आवाजासाठी होता. आणि तीसुद्धा त्यांनी त्याच वर्षाअखेर मोडीत काढली, कारण उभारायचा आणि वाहतुकीचा खर्च बँडला बुडवायला निघाला होता. आपल्याकडे वर्गणी असते म्हणून आपली टिकली.

१९७६ मध्ये द हू या बँडनं लंडनला १२६ डेसिबलचा विक्रम केला, गिनेस बुकात नाव लागलं. पुढे गिनेसनं तो प्रकारच बंद केला, लोकांनी कानाची वाट लावून घ्यायला आपण हातभार लावू नये म्हणून. त्याच बँडचा गिटारवाला पीट टाउनशेंड पुढची अनेक वर्षं कानातल्या शिट्टीबद्दल आणि कमी ऐकू येण्याबद्दल उघडपणे बोलत आला. एसी/डीसीचा गायक ब्रायन जॉन्सन याला २०१६ मध्ये डॉक्टरांनी सांगितलं की थांबला नाहीस तर पूर्ण बहिरा होशील, आणि चालू दौरा त्याला सोडावा लागला. त्यांच्या नंतर वाजवणाऱ्या पोरांनी हे बघितलं. पुण्यात स्टेजवरच्या बहुतेकांच्या कानात मॉनिटर, म्हणजे स्वतःचं वाजवणं ऐकायचे छोटे स्पीकर, होते, बाहेर फोमचे बोळे मिळत होते आणि बापाच्या खांद्यावर बसलेल्या एका पोराच्या कानावर मोठे हेडफोनसारखे झाकण होते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये असल्या कार्यक्रमांसाठी पंधरा मिनिटांच्या सरासरीला शंभर डेसिबल ही वरची मर्यादा सांगितली आहे. आमच्या धंद्यात झांजपथकाच्या मागं आणि भिंतीपुढं तास न् तास उभं राहणाऱ्या पोरांना कोणी सांगितलंय? माझ्याकडचा एक ऑपरेटर पस्तिशीतला आहे. फोन आला की न चुकता डाव्या कानाला लावतो. कानातल्या ज्या बारीक केसपेशी मरतात त्या पुन्हा येत नाहीत. आधी जातात ते वरच्या पट्टीतले आवाज, चार हजार हर्ट्‌झच्या आसपासचे, आणि तेव्हा माणसाला वाटत राहतं की समोरचाच पुटपुटतोय. वडगावात मागावर आयुष्य काढलेल्या विणकऱ्यांना हे नव्यानं सांगायला नको. त्यांना तो आवाज पोटासाठी सोसावा लागला. आपण वर्गणी काढून विकत घेतो.

पुण्यातली आणखी एक गोष्ट मला तिथून उचलून हेमू कलानी चौकात आणून ठेवावीशी वाटली. मैदानात स्टेज एकाहून जास्त होते, त्यातले दोन जवळजवळ. एकावर बँड वाजत असताना दुसऱ्यावर पुढचा बँड सामान लावत होता, तारा जोडत होता, पण ठोका देत नव्हता. इकडचं शेवटचं गाणं संपलं की तिकडचं पहिलं सुरू. लोक नुसते वळून उभे राहत. दोन्हीकडचे वाजवणारे एकमेकांचं ऐकत उभे असत आणि टाळ्याही देत. आपल्याकडे चौकात दोन मंडळं समोरासमोर आली की काय होतं ते लिहायला नको. दोन्ही भिंती एकमेकींवर रोखलेल्या, दोन वेगळी गाणी, आणि अर्धा तास कोणी पुढे सरकायला तयार नाही, कारण आधी सरकला तो हरला. मागची चाळीस मंडळं ताटकळतात. कपिलेश्वर तलावावर शेवटचा गणपती दुसऱ्या दिवशी उन्हात पोचतो, त्यातला किती वेळ या चौकातल्या कुस्तीत जातो ते तुम्हीच सांगा. शिवजयंतीच्या चित्ररथांत तर याहून वाईट होतं. ट्रॉलीवर पोरं महिनाभर घासून उभा केलेला जिवंत देखावा घेऊन उभी असतात, तोंडपाठ केलेले संवाद म्हणत असतात, आणि मागच्या मंडळाच्या बेसमध्ये महाराजांचा एक शब्द कोणाला ऐकू जात नाही.

गाण्यांबद्दलही सांगतो, नाहीतर मित्र रागावेल. संध्याकाळी एक बँड आला. गाणं सुरू झालं तेव्हा नुसती एक गिटार होती, अगदी हळू. मैदानातली माणसं गप्प झाली. मग ड्रमवाल्यानं काठ्यांऐवजी ब्रशनं झांज घासली, मग बेस आला, आणि पाच-सहा मिनिटं ते चढवत चढवत नेलं. शेवटी सगळं एकदम फुटलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मी मीटरकडे बघितलं. आकडा दुपारच्या बँडपेक्षा जास्त नव्हता. आवाज मोठा वाटला, कारण आधी तो लहान होता. मित्र डोळे मिटून मांडीवर ठेका धरून होता, उघडल्यावर म्हणाला, "ह्यो सोळा वर्षं वाजवूलाय, दिसतंय." भजनाची रंगत वाढवत नेणारा आपला कुठलाही जुना पखवाजवाला हेच करतो. विलंबित द्रुत कळणाऱ्या माणसाला रॉक परकं वाटायचं काही कारण नाही. इथूनच थोड्या अंतरावरच्या सुळेभावीत १९२४ मध्ये कुमार गंधर्व जन्मले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा कोवळ्या गंगूबाई हनगल गांधीजींसमोर स्वागतगीत गायल्या. ऐकायची सवय या मातीला नवी नाही. ती आपण सामानाखाली दाबली.

आता तुमचे आक्षेप. "तिथे दारू चालते." चालत होती. एका बाजूला कुंपण घालून, वय तपासून, मनगटावर वेगळी पट्टी बांधून. आपल्या मिरवणुकीत काय चालतं हे ट्रॉलीच्या उंचीवरून मला फार स्पष्ट दिसतं, त्यामुळे या विषयावर मला जास्त बोलायला लावू नका. "ती तिकीटवाली श्रीमंत पोरं." तिकीट महाग होतंच, आणि आतलं खाणं त्याहून. आम्ही दोघांनी एक बिर्याणी वाटून खाल्ली. पण त्या पैशात पिण्याच्या पाण्याचे नळ होते, बायकांसाठी वेगळी आणि पाणी असलेली स्वच्छतागृहं होती, रुग्णवाहिका तोंड बाहेर करून उभी होती. विसर्जनाला आपल्या लेकीसुना रात्रभर रस्त्यावर उभ्या असतात, त्यांच्यासाठी एका तरी मंडळाच्या जमाखर्चात अशी ओळ आहे का? बेसची ओळ सगळ्यांच्यात आहे.

गर्दीचंही त्यांनी रक्त सांडून शिकलंय. जून २००० मध्ये डेन्मार्कच्या रॉस्किल्ड महोत्सवात स्टेजपुढच्या चेंगराचेंगरीत नऊ पोरं गेली, त्यानंतर पुढची गर्दी कठड्यांनी तोडून छोट्या भागांत विभागायची पद्धत रुजली. पुण्यात कठड्याच्या आत रखवालदार लोकांकडे तोंड करून उभे होते आणि पुढच्या रांगेतल्यांना पाणी देत होते. बाहेर पडायच्या वाटा आत यायच्या वाटांपेक्षा रुंद होत्या. आपण २०२३ च्या नोव्हेंबरात कोचीच्या विद्यापीठात चार पोरं गमावली, गाण्याचा कार्यक्रम सुरूही झाला नव्हता. जून २०२५ मध्ये बेंगळूरला चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर अकरा गेली. आपल्या चौकात दोन भिंतींच्या मध्ये अडकलेल्या गर्दीला बाहेर पडायची वाट कुठे असते, ते यंदा एकदा दिवसाउजेडी चालून बघा. आणि कोणी घुसमटून ओरडलं तर ऐकू कोणाला जाणार आहे?

"हे सगळं हिंदू सणांनाच का?" असंही एक कार्यकर्ता मला म्हणाला. रात्री दहा ते सहाचा नियम २००० सालचा, तो सगळ्यांना लागू आहे. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, तेवढंच. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या रात्रभरच्या मैफली त्यानंतर दहाला आटपू लागल्या. मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात ऐंशीच्या दशकापासून रॉकचा मोठा मेळा भरायचा. शेजारी इस्पितळ आणि कॉलेज असल्यानं ते शांतता क्षेत्रात गेलं आणि तो मेळा तिथून उठला. रॉकवाले शहराबाहेरच्या मैदानांवर गेले, दुपारी सुरू करून दहाला संपवायला शिकले. आम्ही होतो तिथे दहाला दोन मिनिटं कमी असताना शेवटचा ठोका पडला. गायकानं अजून एक गाणं मागणाऱ्यांना घड्याळ दाखवलं आणि वाकून नमस्कार केला. एक नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाला, माझ्याच सामानाला दुसरीकडून मागणी येते, तिथे किती बेस लागतात यावर मी इथे काही लिहीत नाही. त्यांना हेच पत्र कानडीत जाणार आहे.

मागणं मोठं नाही. बैठकीत बेसचा आकडा ठरवू नका, गल्लीच्या शेवटच्या घरापाशी किती आवाज चालेल तो आकडा ठरवा आणि तो माझ्या बिलावर लिहून घ्या. जास्त झाला तर पैसे कापा. चौकात दोन मंडळं आली तर एकानं वाजवायचं, दुसऱ्यानं थांबायचं, दहा मिनिटांनी अदलाबदल. हे मध्यवर्ती महामंडळानं परवानगीच्या एक खिडकी अर्जासोबतच लिहून घेतलं तर कोणी हरणार नाही. ऑपरेटरला ट्रॉलीवरून खाली उतरवून पंधरा पावलं पुढे उभा राहू द्या, आजकाल टॅबवरून मिक्सर चालतो. त्याच्या शेजारी अंगठा दाखवणारा कार्यकर्ता नको. चित्ररथ बोलत असताना मागचा पुढचा बेस बंद.

आणि दहा दिवसांतली एक संध्याकाळ पोरांच्या बँडला द्या. टिळकवाडीत, कॅम्पात, हिंदवाडीत गॅरेजमध्ये गाद्या लावून गिटार-ड्रम वाजवणारी इंजिनिअरिंगची, मेडिकलची पोरं मला माहीत आहेत, कारण माईक न्यायला ती माझ्याकडेच येतात. त्यातला एक बँड मराठी, कानडी, कोंकणी तिन्हीत गातो. त्यांना स्टेज मिळत नाही म्हणून ती पुण्याला, गोव्याला, बेंगळूरला जाऊन वाजवतात, आणि मग तिथेच राहतात. रेकॉर्ड डान्स स्पर्धेला जेवढं सामान लागतं त्याच्या निम्म्यात त्यांचा कार्यक्रम होतो. संध्याकाळी सहा ते साडेनऊ. माझा ड्रमवाला मित्र पोरांची तालीम घ्यायला तयार आहे, मानधन नको म्हणतो. फक्त आरती संपल्यावर लगेच वेळ द्यावा, बारा वाजता नको, एवढीच त्याची अट.

हे सगळं कागदावर पटत नसतं, मला ठाऊक आहे. म्हणून महामंडळाच्या पहिल्या बैठकीआधीच्या रविवारी दुपारी चार वाजता मी माझं सामान एखाद्या मोकळ्या मैदानात लावतो, जागा तुम्ही सुचवा. एका बाजूला नेहमीची भिंत, दुसऱ्या बाजूला त्याच्या अर्धे बॉक्स टांगून आणि दोन बेस उलटे फिरवून. एकच गाणं दोन्हीवर वाजवू. मीटर तुमच्या हातात देतो, समोर, मागे, बाजूला, वाटेल तिथे जाऊन मोजा. येताना प्रत्येक मंडळानं एक म्हातारं माणूस आणि एक नाचणारं पोरगं बरोबर आणावं आणि दोघांना विचारावं. जनरेटरचं डिझेल माझं. चहा तुमचा.

आपला,
शहापूरचा एक साऊंडवाला